निरोप आणि नोंद

शाळेतली सूचना वही बहुतेक वाचकांच्या ओळखीची असेल. मुख्याध्यापकांनी सूचना लिहायची, शिपायाने ती वही बगलेत मारून वर्गावर्गांतून फिरवायची आणि शिक्षकाने शिकवणे क्षणभर थांबवून खडूच्याच हाताने सही करायची. यंत्रणा अत्यंत संथ होती. पण तिच्यात चार गोष्टी वेगळे कष्ट न घेता होऊन जात. सूचना कोणी दिली ते कळे. कोणी वाचली ते सहीवरून कळे. शाळेबाहेरच्या माणसाच्या हाती ती सहसा पडत नसे. आणि वर्ष संपले की वही कपाटात जाई. पुढे कधी वाद निघालाच तर ती तिथे सापडे.

काही शाळांत ही वही अजूनही फिरते. बऱ्याच ठिकाणी मात्र तिची जागा मोबाइलवरच्या गटाने घेतली आहे. हा बदल कोणी ठरवला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. एके दिवशी कोणीतरी गट काढला, त्याला 'स्टाफ' असे नाव दिले, पाचपंचवीस जणांना त्यात ओढले आणि यंत्रणा 'निवडली' गेली. शाळेसाठी साधे कपाट घ्यायचे तरी तीन दरपत्रके मागवावी लागतात. इथे एकही मागवले गेले नाही, कारण किंमत शून्य होती.

इंग्रजीत ज्याला इन्स्टंट मेसेजिंग म्हणतात, त्या तत्क्षणी निरोप देणाऱ्या साधनांना या लेखापुरते आपण निरोपयंत्रणा म्हणू. कामाच्या ठिकाणी अशी यंत्रणा कशी निवडली जाते आणि त्या निवडीत काय चुकते, हा लेखाचा विषय आहे. मी काही संगणकशास्त्रज्ञ नाही. हा विषय माझ्यावर ओढवला तो एका नुकसानीमुळे.

आमच्या प्रयोगशाळेत अतिशीत तापमानाला मोजमापे घेण्याचे एक उपकरण आहे. ते सांभाळणारे तंत्रज्ञ फार जुने आणि अनुभवी. सगळे त्यांना काका म्हणत. रोज सकाळी दाबमापी आणि तापमापी यांची वाचने ते उपकरणाशेजारच्या वहीत लिहीत. पुढे प्रयोगशाळेचा व्हॉट्सॲप गट निघाला. मग काका तबकड्यांचा फोटो काढून गटावर टाकू लागले. ही सोय सर्वांनाच आवडली. घरबसल्या कळे की उपकरण ठीक आहे. फोटो येतोच आहे तर वहीत कशाला लिहायचे, असे म्हणत वही हळूहळू कोरी राहू लागली. त्या वेळी हे कोणाच्याच लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

काका निवृत्त झाले. त्यानंतर आलेल्या एका विद्यार्थिनीला असे आढळले की तापमापीचे वाचन वर्षानुवर्षे कणाकणाने सरकत गेले आहे. ते किती सरकले हे ठरवायला तिला मागची दोन वर्षे हवी होती. ती गटात नंतर आलेली, त्यामुळे तिच्या फोनवर आधीचे काहीच दिसेना. बाकीच्यांनी फोन भरला म्हणून फोटो पुसून टाकलेले. तिने काकांना फोन केला.

"काका, मागचे फोटो आहेत का हो तुमच्याकडे?"

"अगं, तो फोन नातवाला दिला की! त्याने तो साफ करून त्यात गेम भरलेत."

व्हॉट्सॲपची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. निरोप पोचला की कंपनीच्या सर्व्हरवर तो ठेवला जात नाही. न पोचलेला निरोप तिथे ३० दिवस थांबतो आणि मग जातो. पोचलेला निरोप उरतो तो फोनमध्ये आणि फोनच्या मालकाने प्रत काढून ठेवली असेल तर त्या प्रतीत. खाजगी गप्पांसाठी ही रचना उत्तमच म्हणावी लागेल. पण आम्ही त्या यंत्रणेकडून नोंदीचे काम करून घेत होतो. त्या मुलीच्या प्रबंधातले एक प्रकरण कापावे लागले. काकांना हे आम्ही सांगितले नाही.

तक्ता

त्यानंतर रीतीप्रमाणे एक समिती नेमली गेली आणि निमंत्रक म्हणून माझी नेमणूक झाली. मी एक तक्ता केला. वर आडवी नावे: व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम, स्लॅक, टीम्स, मॅट्रिक्स, झुलिप. खाली उभे गुण: गटात माणसे किती, फाइल केवढी जाते, चित्रसंभाषण आहे का, पैसे किती, संगणकावर चालते का. चौकटी-चौकटीत बरोबरच्या खुणा. असे तक्ते वाचकांनीही पाहिले असतील. कोणतीही वस्तू घ्यायची म्हटली की आता पहिल्यांदा तोच शोधला जातो.

आज त्या तक्त्याचा परीक्षक म्हणून विचार केला तर मी त्याला नापास करीन. पहिले कारण असे की त्यातले आकडे टिकत नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपच्या गटात २५६ माणसे मावत. त्याच वर्षी ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. जी गोष्ट कंपनी एका रात्रीत बदलू शकते तिच्यावर दहा वर्षांची निवड उभी करणे बरोबर नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जे खुणेने दाखवता येते तेवढेच तक्त्यात येते. 'चित्रसंभाषण' ही एक ओळ आणि 'कूटलेखन' ही दुसरी ओळ, दोन्हींना एकेक खूण, दोन्हींचे वजन सारखे. शिवाय काकांचे फोटो कुठे जातील, हा प्रश्न माझ्या तक्त्यात कोणत्याच ओळीत नव्हता, आणि समिती तर त्यासाठीच नेमलेली होती!

कुलूप पक्के, दार उघडे

कूटलेखनाच्या ओळीवर थोडे थांबू, कारण 'आमचे निरोप सुरक्षित आहेत' असे विधान शाळांतही ऐकू येते.

समजा, तुम्ही उघडी कुलुपे गावभर वाटली आणि त्यांची किल्ली फक्त स्वतःच्या खिशात ठेवली. ज्याला तुम्हाला पत्र द्यायचे आहे त्याने ते पेटीत घालावे आणि तुमचे कुलूप दाबून बंद करावे. आता ती पेटी पोस्टमनला उघडता येत नाही; बंद केल्यावर पाठवणाऱ्यालाही उघडता येत नाही. किल्ली न पाठवता कुलूप लावता येते, ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली आणि तिथून आजचे कूटलेखन सुरू झाले. सिग्नलची पद्धत आणखी पुढे जाते: तिच्यात प्रत्येक निरोपागणिक किल्ली बदलते. एखादी किल्ली चोरीला गेली तरी मागचे सगळे निरोप उघडे पडत नाहीत. हीच पद्धत व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व निरोपांना लावली. टेलिग्रामची कीर्ती मोठी असली तरी तिथले नेहमीचे गट असे टोकापासून टोकापर्यंत बंद नसतात. ती सोय फक्त दोघांमधल्या 'गुप्त संभाषणा'त आहे. टीम्स आणि स्लॅकमध्ये लिखित निरोप संस्थेच्या व्यवस्थापकाला काढून पाहता येतात, आणि ती यंत्रणा मुद्दामच तशी केलेली आहे.

आता हे कुलूप कशापासून वाचवते? वाटेवरच्या माणसापासून. दोन्ही टोकांना कोण बसले आहे, याचा विचार ते करत नाही. याचे जगजाहीर उदाहरण मार्च २०२५ चे आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी येमेनवरील हल्ल्याच्या समन्वयासाठी सिग्नलवर एक गट काढला आणि त्यात 'द अटलांटिक' या नियतकालिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांनाच घेतले! हल्ल्याच्या वेळा, विमाने, सारे त्या संपादकाच्या फोनवर येत राहिले. २४ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. सिग्नलचे कूटलेखन या प्रकरणात कुठेही तुटले नव्हते. नंतरच्या वृत्तांनुसार गोल्डबर्ग यांचा क्रमांक फोनमध्ये भलत्याच माणसाच्या नावाखाली साठवला गेला होता. आपल्याकडे ज्या गावात चार पाटील सर आणि सहा जाधव सर असतात तिथे हे कसे होते ते समजावून सांगायला नको.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. सरकारी कर्मचाऱ्यांनी परदेशी कंपन्यांच्या ॲपवर विसंबू नये म्हणून तिथल्या सरकारने मॅट्रिक्स या खुल्या पद्धतीवर 'चाप' नावाची स्वतःची यंत्रणा उभारली आणि एप्रिल २०१९ मध्ये ती सुरू केली. सरकारी ई-मेल पत्ता असलेल्यालाच प्रवेश, असा नियम होता. सुरू होताच एका संशोधकाने आपल्या खाजगी पत्त्याच्या शेपटीला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्ता जोडला आणि तो आत गेला. पत्ता तपासणारी आज्ञावली त्या जोडपत्त्याने गोंधळली होती. दोष लगेच दुरुस्त झाला. पण दोन्ही उदाहरणांत कुलूप शाबूत होते आणि माणूस दारातून आला, हे लक्षात घ्यावे. यंत्रणेत कोण आहे हे कोण ठरवते, नोकरी सोडलेल्या माणसाचे नाव कोण काढते, ही ओळ माझ्या तक्त्यात हवी होती. आमच्या प्रयोगशाळेच्या गटात तेव्हा पदवी घेऊन परदेशी गेलेले तीन विद्यार्थी अजून होते.

कूटलेखनाचा आणखी एक पेच आहे. ज्या कुलुपामुळे पोस्टमनला पत्र वाचता येत नाही, त्याच कुलुपामुळे संस्थेलाही स्वतःची नोंद ठेवता येत नाही. अमेरिकेत वित्तसंस्थांनी कामाचे सर्व लिखाण जपून ठेवावे असा नियम आहे. कर्मचारी खाजगी फोनवरून व्यवहाराच्या गोष्टी करत आणि नोंद राहत नसे, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या दोन नियामकांनी बड्या वित्तसंस्थांना मिळून सुमारे १८० कोटी डॉलर दंड केला. सिग्नलच्या त्या गटातही काही निरोप ठरावीक काळाने आपोआप पुसले जातील अशी कळ लावलेली होती, आणि सरकारी नोंदींचे काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. शाळेला १८० कोटींची भीती नाही. पण एखाद्या मुलाला सहलीत इजा झाली आणि 'पालकांना कळवले होते का' असा प्रश्न आला, तर शिक्षकाच्या हाती काय असते? स्वतःच्या फोनवरचे, कोणालाही पुसता येईल असे एक चित्र.

पत्ता कोणाचा

आता एक साधा प्रश्न. रेडिफमेलवरून जीमेलला पत्र जाते. मग व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामला निरोप का जात नाही? तांत्रिक अडचण आहे का? नाही. ई-मेल ही एक पद्धत आहे, कंपनी नव्हे. ती पद्धत पाळणारा कोणीही टपालघर उघडू शकतो. निरोपयंत्रणेतही असे झाले होते. जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने जानेवारी १९९९ मध्ये जॅबर नावाची खुली पद्धत जाहीर केली; २००४ मध्ये तिला एक्सएमपीपी या नावाने प्रमाण रूप मिळाले. गूगलने २००५ मध्ये आणलेले 'टॉक' याच पद्धतीवर होते, आणि २००६ पासून गूगलचा सदस्य दुसऱ्या कोणाच्याही जॅबर सर्व्हरवरील माणसाशी बोलू शकत होता. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि ते दार लावून घेतले. व्हॉट्सॲपचा सर्व्हरही मुळात जॅबरच्याच एका खुल्या आज्ञावलीवरून घडवलेला. पण बाहेरच्यांसाठी त्याला दार ठेवलेच नाही. स्लॅकला जुन्या खुल्या पद्धतींनी आत येण्याच्या वाटा होत्या. त्या १५ मे २०१८ रोजी बंद झाल्या. वाढ होईपर्यंत दार उघडे आणि गर्दी झाली की बंद, असा हा क्रम आहे, आणि तो योगायोग नाही: दार बंद असले की माणसाला बाहेर जाताना आपल्या सगळ्या परिचितांना मागे सोडावे लागते.

युरोपीय संघाने डिजिटल बाजारपेठ कायद्याने मोठ्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून हे दार किलकिले करणे भाग पाडले. आपल्याकडे तसा नियम झालेला नाही.

दार बंद असलेल्या घरांचे पुढे काय झाले, ते पाहू. आयसीक्यू १९९६ मध्ये आली, २०२४ मध्ये बंद झाली. एओएलची एआयएम १९९७ ते २०१७. याहू मेसेंजर १९९८ ते २०१८. आमच्या पिढीतल्या कित्येकांची परदेशातल्या भावंडांशी पहिली गाठ तिथेच पडली होती. हिपचॅट ही खास कार्यालयांसाठी काढलेली यंत्रणा. तिच्या मालकांनी २०१८ मध्ये ती स्लॅकला विकली आणि २०१९ मध्ये तिला टाळे लागले. तेविसाव्या वर्षी लागलेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे ३५ वर्षे. या यादीतली एकही यंत्रणा तेवढी जगली नाही.

जगली ती आयआरसी. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८ मध्ये लिहिलेली ही गप्पांची पद्धत आजही चालू आहे. तिचा मालक कोणी नाही. २०२१ मध्ये फ्रीनोड या तिच्या फार मोठ्या जाळ्यात मालकीचा तंटा झाला. स्वयंसेवकांनी राजीनामे दिले, लिबेरा चॅट नावाचे नवे जाळे उभे केले, आणि विकिमीडिया, उबुंटूसारखे मोठमोठे गट अल्पावधीत तिकडे गेले. सदस्यांना नवे ॲप घ्यावे लागले नाही, फक्त पत्ता बदलावा लागला. व्हॉट्सॲपवरून असा गाव उठवून पाहा!

इतके झाल्यावर खुली पद्धत हेच उत्तर, असे मी समितीत ठासून सांगितले. माझ्या या उत्साहाला लगाम घातला तो मोझिलाच्या उदाहरणाने. फायरफॉक्स हा ब्राउझर तयार करणारी ही संस्था खुल्या पद्धतींची कट्टर पुरस्कर्ती. तिचे काम वीसहून अधिक वर्षे आयआरसीवर चाले. २०१९ मध्ये तिने ती सोडायचे ठरवले. कारण असे की ओळख पटवल्याशिवाय कोणीही येऊन कोणालाही त्रास देऊ शकत होता, आणि नवख्याला आत येणेच कठीण पडे. जुन्या सभासदांना तो खुलेपणा वाटे. नव्याला, विशेषतः नव्या बाईला, ती भिंत वाटे.

मोझिलाने निवड कशी केली ते पाहण्यासारखे आहे. नावे गोळा करण्याआधी अटी लिहिल्या. आपण स्वतः नवी यंत्रणा बांधायची नाही. सदस्याची ओळख पटली पाहिजे. उपद्रव देणाऱ्याला आवरण्याची साधने हवीत. आणि दृष्टिहीन माणूस पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाने ती वापरू शकला पाहिजे. मग मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेटचॅट आणि स्लॅक अशी चार नावे उरली. ती प्रत्यक्ष वापरून पाहिली, सदस्यांचे म्हणणे घेतले, डिसेंबर २०१९ मध्ये मॅट्रिक्स निवडली आणि मार्च २०२० मध्ये आयआरसीचा सर्व्हर बंद केला. दृष्टिहीनांची अट माझ्या तक्त्यात नव्हती, हे नमूद करतो. आमच्या संस्थेत असे दोन कर्मचारी आहेत.

मॅट्रिक्समध्ये गटाची प्रत त्यात सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर राहते. एक बंद पडला तरी गट जगतो. ही तिची मोठी खुबी. पण याच कारणाने एकदा गेलेला निरोप सगळीकडून पुसला जाईल याची खात्री देता येत नाही. नवा फोन घेतला आणि किल्ल्या नीट आणल्या नाहीत तर स्वतःचेच जुने निरोप कुलूपबंद दिसतात. आणि भारतातली एक व्यावहारिक अडचण आहे: मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ज्या १४ निरोप-ॲपवर बंदी घातली, त्यांत मॅट्रिक्सचे सर्वाधिक वापरातले ॲप एलिमेंट होते. अर्थात पद्धत खुली असल्यामुळे तिच्यासाठी इतर ॲप आहेत. पण समितीतल्या प्रशासकीय सदस्याला हे पटवून देणे मला जमले नाही.

स्लॅकबद्दल फार लिहीत नाही. संशोधनगटांत ते लोकप्रिय झाले ते फुकट होते म्हणून. आधी फुकट खात्यात शेवटचे १०,००० निरोप दिसत. सप्टेंबर २०२२ पासून शेवटचे ९० दिवस दिसू लागले. ज्यांनी आपली नोंद तिथे ठेवली त्यांची गत काकांच्या फोटोंसारखीच झाली, फरक इतकाच की इथे पैसे भरून ती परत पाहता येत होती.

घाई कोणाला आहे?

समितीत सर्वात उशिरा निघालेला आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा एका वरिष्ठ महिला सहकाऱ्याने मांडला. "निरोप लगेच पोचतो हे ठीक आहे हो, पण लगेच पोचायला हवा असा निरोप असतो तरी किती वेळा?" आम्ही आठवडाभर आपापल्या गटातले निरोप वाचून त्यांची वर्गवारी केली: दहा मिनिटांत कळायला हवे, आज कळायला हवे, केव्हाही चालेल, आणि कायम जपायला हवे. पहिल्या वर्गातले निरोप मोजायला दोन हातांची बोटे पुरून उरली. शिक्षक वाचकांनी हा प्रयोग आपल्या शाळेत करून पाहावा. खर्च काही नाही.

गणितही सोपे आहे. गटात ४० जण आहेत आणि प्रत्येकाने दिवसाला एकच निरोप टाकला, अगदी 'शुभ सकाळ' एवढाच, तर ४० × ३९ म्हणजे १,५६० वेळा कोणाचा ना कोणाचा फोन वाजतो. प्रत्येक वेळी २० सेकंद गेली असे धरले तर ३१,२०० सेकंद, म्हणजे ८ तास ४० मिनिटे. एका माणसाचा कामाचा पूर्ण दिवस, रोज. यात खंडित झालेले लक्ष पुन्हा जुळवण्याचा वेळ धरलेला नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की मध्येमध्ये अडवलेली माणसे काम उलट लवकर उरकतात, पण त्यांचा ताण आणि चिडचिड वाढते. म्हणजे वरून पाहणाऱ्याला काम झालेलेच दिसते. किंमत कोणी मोजली ते दिसत नाही.

शाळांची स्थिती तर याहून अवघड. रात्री साडेनऊला निरोप येतो: 'पोषण आहाराची माहिती आत्ताच पाठवा.' निळ्या खुणा उमटल्या की वाचले नाही असेही म्हणता येत नाही. सूचना वहीतली सही शाळेच्या वेळेतच होत असे. निळ्या खुणेला वेळेचे बंधन नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तशा आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. निरोपयंत्रणेत मात्र 'सायंकाळी सहानंतर आलेला निरोप सकाळी आठला दाखव' अशी सोय करणे मुळीच कठीण नाही. ती कोण मागतो, एवढाच प्रश्न आहे. माझ्या तक्त्यात गटाची कमाल संख्या होती, फोन केव्हा वाजू नये याची ओळ नव्हती.

शाळेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बजावाव्यात अशा आहेत. पहिली दूरध्वनी क्रमांकाची. व्हॉट्सॲपची उभारणीच क्रमांकावर झालेली; वर्गाच्या पालकगटात शिक्षिकेचा खाजगी क्रमांक साठ घरांत जातो, आणि पुढे त्याचे काय होते यावर तिचा ताबा राहत नाही. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ पासून क्रमांक इतरांपासून लपवण्याची सोय केली, पण नाव नोंदवायला क्रमांक लागतोच. ई-मेल पत्त्यावर चालणाऱ्या यंत्रणा या बाबतीत बऱ्या. दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळलेली संमती लागते; शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलत आहे. पण सवलत असो वा नसो, एखाद्या मुलाच्या फिट येण्याची गोष्ट सबंध वर्गाच्या पालकगटात का जावी?

आणि यंत्रणा कोणतीही घ्या, ती एक दिवस बंद पडणार. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुरुस्तीच्या कामात एक आज्ञा चुकली आणि फेसबुकचे पत्तेच जणू इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले. व्हॉट्सॲपसह सर्व सेवा सुमारे सहा तास बंद. खुद्द त्या कंपनीच्या अभियंत्यांची आपसात बोलण्याची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने तीही बंद पडली. शाळेच्या भिंतीवर पालकांच्या क्रमांकांची कागदी यादी असणे हे मागासलेपणाचे लक्षण समजू नये.

आमच्या समितीने काय ठरवले? एक ॲप ठरवलेच नाही. उपकरणाची वाचने परत वहीत गेली आणि दर शनिवारी त्या पानांचे फोटो संस्थेच्या संगणकावर चढतात. चर्चेसाठी झुलिप घेतले. ही आज्ञावली २०१५ पासून खुली आहे, आम्ही ती आमच्याच यंत्रावर चालवतो. तिच्यात प्रत्येक निरोपाला विषय द्यावा लागतो, त्यामुळे तापमापीची चर्चा चहाच्या वर्गणीत बुडत नाही. नवा विद्यार्थी पहिल्या दिवसापासूनचे वाचू शकतो, आणि सगळे संभाषण फाइल करून बाहेर काढता येते. ते आम्ही दर तिमाहीला काढतो आणि उघडते का ते पाहतो. 'आज बस चुकली, उशीर होईल' हे मात्र अजून व्हॉट्सॲपवरच येते, आणि ते तिथेच बरे आहे.

झुलिपचा सर्व्हर सध्या एक संशोधक विद्यार्थी सांभाळतो. येत्या जूनमध्ये त्याचा प्रबंध पूर्ण होईल. त्यानंतर हे काम कोणाकडे जाणार, यावर पुढच्या सोमवारी समितीची बैठक आहे.